सात संचालक आणि अकरा वीर

सहकार चळवळीच्या इतिहासकारांनी कान देऊन ऐकावं, आणि जमलं तर उभं राहून ऐकावं. आमच्या गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या चेअरमनपदाचा निकाल आमच्या गावात लागलाच नाही. तो बीडमधल्या एका थिएटरात, सकाळी दहाच्या खेळाला, मध्यंतरात, मक्याच्या लाह्यांच्या मशीनशेजारी लागला. त्याला मी आणि माझी चित्रपटांची जाण, एवढे दोघंच जबाबदार आहोत. हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देतो आहे.

आमचं गाव तेलगावहून सिरसाळ्याकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. सोसायटीचे संचालक तेरा. निवडणूक झाली तेव्हा आमच्या पॅनलचे सात आले, समोरचे सहा. आता या तेरा जणांनी आपल्यातला एक चेअरमन निवडायचा, तेवढंच उरलं होतं. सात आणि सहा यांच्यात एका माणसाचं अंतर असतं, आणि एक माणूस फोडायला आमच्याकडे एक कप चहा आणि पाठीवर एक हात पुरतो. म्हणून निवडीआधी बहुमतवाल्यांनी आपली माणसं गाडीत घालून दूर कुठंतरी न्यायची आणि थेट मतदानाला हजर करायची, ही आमच्याकडची रीत. तिला सहल म्हणतात. सहलीत फोन काढून घेतात, पण जेवायला भरपूर घालतात.

या सहलीचे म्होरके होते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवीस वर्षांपूर्वी ते घरजावई म्हणून आमच्या गावात आले. अक्का गावाची लेक, म्हणून ते साऱ्या गावाचे दाजी झाले. म्हातारे दाजी म्हणत, शाळेतली पोरं दाजी म्हणत, गिरणीवाला पिठाच्या डब्यावर खडूनं ‘दाजी’ लिहीत असे. माणसानं गावात विहीर खोदली, दोन पोरींची लग्नं लावली, केस पांढरे केले, तरी गाव त्यांना कालच मांडवातून उतरल्यासारखं दाजी म्हणत राहिलं. त्यांना एकदाच कोणीतरी ‘चेअरमन’ म्हणून हाक मारायला हवी होती. सोसायटीत खत कधी येतं आणि कुठं जातं, यात त्यांना काडीचाही रस नव्हता. रस होता तो हाकेत. त्यासाठी पांढरा शर्ट शिवून तयार होता. तो सातही दिवस गाडीत हँगरला, प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकत होता आणि त्याला कोणाचा खांदा लागला की दाजी आमच्याकडे असे बघत की जणू आम्ही नव्या नवरदेवाला धक्का दिला.

मी शाळामास्तर. सरकारी नोकर. राजकारणाशी माझा काडीचा संबंध नाही, म्हणून मी गाडीत मागच्या सीटवर बसलो होतो. उन्हाळ्याची सुट्टी होती. सगळ्यांच्या फोनची पिशवी सांभाळण्याचं बिनराजकीय काम माझ्याकडे होतं.

आता बाकीच्या सहा संचालकांची ओळख. एक आबा, पंचाहत्तरीचे, कनवटीला अडकित्ता आणि तोंडात सुपारी. दुसरे ट्रॅक्टरवाले, ज्यांचं अर्ध्या शिवारात भाड्यानं ट्रॅक्टर चाले आणि जे कोणत्याही प्रश्नाचं उत्तर हिशेबानं देत. तिसऱ्या काकू. महिला राखीवमधून निवडून आलेल्या, पण मतं अख्ख्या पॅनलमध्ये सर्वांत जास्त त्यांना. नवऱ्याला पाठवून द्या, असं दाजींनी सुचवून पाहिलं, तेव्हा काकू पिशवी भरून स्वतः येऊन गाडीत बसल्या होत्या. उरलेले तिघं बहुमत जिकडे असेल तिकडे मान हलवत, म्हणून त्यांचं वेगळं वर्णन करत नाही. पुढं थिएटरात जो पिक्चर पाहिला, त्यातही असे पाच-सहा वीर होते.

कोकणात सहा दिवस नीट गेले. एकच गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती आणि दिसली नाही. प्रत्येक हॉटेलात दाजी शिरता शिरता वेटरला ओरडत, “सगळ्यांना शेवभाजी!” समुद्राकाठी, घाटात, अगदी मासळीच्या खानावळीतसुद्धा शेवभाजी. कोणाला काय हवं हे विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. काकू तव्यावरच्या माशांकडे एकदा बघत, मग आपल्या ताटाकडे बघत आणि जेवायला लागत.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही बीडमध्ये पोचलो. मतदान गावात दुपारी अडीचला. तासाभराचा रस्ता. मधले चार तास या सात जणांना ठेवायचं कुठं? हॉटेलात बसावं तर ओळखीचे भेटणार. गाडीत बसावं तर ऊन असं की आबा म्हणाले, “ह्यात अंडं ठिवलं तर पिल्लू न्हाई, आमलेट निगल.”

तेव्हा मी तोंड उघडलं. “दाजी, थिएटरात बसवू. अंधार आहे, एसी आहे, दार एकच आहे. तीन तास कोणी कोणाशी बोलत नाही.”

दाजींनी माझ्याकडे प्रथमच मेहुण्यासारखं नव्हे, माणसासारखं पाहिलं. “कोन्ता पिक्चर हाय?”

पिक्चर होता एका वीरांच्या टोळीचा दुसरा भाग. पहिला भाग मी चार वेळा पाहिलेला. त्यात चारच वीर होते. एक म्होरक्या, छातीवर जेवढा घाव घ्यावा त्याच्या दुप्पट परत करणारा. एक बाई, जी हात वर करून आख्ख्या शहराचा आवाज पिऊन टाकते. एक आपली सावली लांबवून तिनं माणसं उचलणारा आणि एक म्हातारा, ज्याला चार क्षण पुढचं दिसतं. चौघंही वेगवेगळ्या ठिकाणचे, भांडखोर. शेवटी एकत्र येतात आणि जिंकतात. एकीचं बळ. मी मनात म्हटलं, सहलीच्या सांगतेला याहून योग्य कीर्तन नाही. दुसऱ्या भागात काय आहे हे पाहून ठेवण्याची तसदी मी घेतली नाही. मास्तरनं धडा न वाचता वर्गात जाऊ नये, हे मी पोरांना नाही, स्वतःला सांगायला हवं होतं.

पहिला पाऊण तास मी खूश होतो, कारण पिक्चर वाईट होता. चाराचे अकरा वीर झाले होते. प्रत्येकाचं आगमन वेगळं: आधी ढग, मग धूळ, मग पाय, मग पाठ आणि शेवटी तोंड. पाचव्या आगमनाला ट्रॅक्टरवाले म्हणाले, “मास्तर, सत्कारच चाललेत का नुस्ते? भाषण कवा?” त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडच्या कार्यक्रमात मंचावरच्या प्रत्येकाला शाल-नारळ देता देता मूळ कार्यक्रमाची वेळ संपते, तसंच इथं चाललं होतं. नवव्या वीराला नुसती टोपी होती, ताकद काय ते मला अजून समजलेलं नाही. खलनायक दुसऱ्या ग्रहावरून आला होता आणि का आला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. “ह्याला हितं काय कमी पडलं म्हनून जग बुडवायलाय?” काकूंनी विचारलं. शहरही तेच पडलं, जे पहिल्या भागात पडलं होतं. आबांना शहराची काळजी लागली. “आत्ताच बांदलं आसंल की वो त्यांनी!”

मग ती जागा आली जिच्यासाठी मी त्या दिग्दर्शकाला, तो जिथं असेल तिथं, अजूनही हात जोडतो. विमानं कोसळत आहेत, पूल तुटतो आहे, कानाचे पडदे फाटायची वेळ. आणि बाई हात वर करते. एकदम सगळा आवाज बंद. संगीत नाही, श्वास नाही. तुटणारा पूल मुका तुटतो. अख्ख्या थिएटरात कोणी कूस बदलली नाही. अशी शांतता मी फक्त इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर ऐकली आहे.

आणि त्या शांततेत आबांनी सुपारी कातरली.

कट्ट!

पुढच्या रांगेतली दोन माणसं उठून उभी राहिली. मागून कोणीतरी टाळी वाजवली. आबा दचकून म्हणाले, “मी न्हाई फोडलं काई!” थिएटर हसत सुटलं, दाजीही हसले. सहलीतला तो शेवटचा आनंदाचा क्षण.

कारण त्यानंतर खलनायकाला अक्कल आली. लढून जमेना, तेव्हा तो एकेका वीराकडे एकटा जाऊ लागला. सावलीवाल्याकडे गेला, म्हाताऱ्याकडे गेला. धमकी नाही, आमिष नाही. शेजारी बसायचा आणि एवढंच विचारायचा, “तुला काय वाटतं, हे तुला शेवटचं कोणी विचारलं होतं?” वीर नुसता म्होरक्याच्या खोलीच्या दाराकडे बघायचा.

काय सुंदर लिहिलेलं होतं! धूळ नाही, ढग नाही, दोन माणसं आणि एक प्रश्न. अकरा वीरांच्या त्या गर्दीत पिक्चर पहिल्यांदाच माणसांत आला होता. मी रसिक म्हणून डोलत होतो. तेवढ्यात दाजींचं कोपर माझ्या बरगडीत शिरलं. “मेव्हणे,” ते कुजबुजले, “हे कावून दाखवायलेत?”

मी शेजारी पाहिलं. पडद्याच्या निळ्या उजेडात सहा संचालक एका रेषेत बसले होते आणि सहाही जणांचं सुपारी, लाह्या, जांभया असं सगळं थांबलेलं होतं. खलनायक बाईशेजारी बसला. तिलाही तेच विचारलं. काकू मोठ्यानं म्हणाल्या, “आगं सांग की! कोनीच न्हाई विचारलं म्हनून!”

आणि मध्यंतर झालं.

बाहेर भिंतीवर पिक्चरचं भलंमोठं पोस्टर होतं. काकू लाह्यांचा पुडा घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मधोमध म्होरक्या, छाती पुढे. त्याच्या मागं टोपीवाल्यासकट सगळे. आवाज पिणारी बाई अगदी कडेला आणि तिच्या अर्ध्या तोंडावर थिएटरवाल्यांनी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं.

“बगा,” काकू म्हणाल्या. “सगळं काम हिनं केलं. आन् हुभी कुठं केलीय?”

“पोस्टरच्या कडंला,” आबा म्हणाले.

“आपली गाडी बगा. मी कुठं बसलेली हाय सात दिस?”

“मागं. बॅगांपाशी.”

“मतं कोनाला जास्ती?”

लाह्यांचं मशीन तेवढं तडतडत होतं. दाजी पुढे सरकले. “काकू, आवो, पिक्चर हाय तो. खोटा असतो.”

“शेवभाजी खरी व्हती न्हवं?” काकू म्हणाल्या.

उरलेल्या तिघांनी मान हलवली. दाजींच्या बाजूनं नव्हे.

आत परत गेलो तेव्हा मी देवाला साकडं घातलं की पिक्चर पुन्हा वाईट होऊ दे. देव दयाळू आहे, तो झाला. शेवटची लढाई अशी करड्या धुराळ्यात की कोण कोणाला मारतो आहे हे चार क्षण पुढचं दिसणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळलं नसेल. माणसं मरत होती आणि वीर विनोद करत होते, तेही पहिल्या भागातलेच. फुटलेली टोळी जुळली कशी? तर म्होरक्यानं मोडक्या पुलावर उभं राहून मिनिटभर भाषण केलं आणि सगळे परत आले. तासभर मेहनत करून विणलेली गाठ पटकथाकारानं कात्रीनं कापली होती. समीक्षक म्हणून मला संताप आला. मेहुणा म्हणून मी दाजींना कोपर मारलं, “बघा, भाषणानं जुळतं!”

पण म्होरक्या तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं छातीवर शेवटचा घाव घेतला, कोसळला, बाईचा हात धरला आणि म्हणाला, “आता तू.” मग त्यानं डोळे मिटले आणि पूल त्याच्यावर पडला.

काकूंनी पदर डोळ्याला लावला. ट्रॅक्टरवाले म्हणाले, “मेला, पन कायद्यानं देऊन मेला.” दाजी खुर्चीत इतके खाली घसरले होते की मला फक्त त्यांचे केस दिसत होते.

नावांच्या पाट्या वर सरकू लागल्या, लोक उठले. आमचेही उठले. इथं माझ्यातला जाणकार पुन्हा उफाळून आला. मी दोन्ही हात पसरून रांग अडवली. “खाली बसा! पाट्या संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. या जातीच्या पिक्चरात खरी गोष्ट पाट्यांच्या मागे ठेवतात.”

“उशीर व्हायलाय वो, मास्तर,” ट्रॅक्टरवाले म्हणाले.

“बसा म्हटलं ना!”

माझा वर्गातला आवाज होता, बसले. पाट्या सरल्या. अंधार. मग पुलाचा ढिगारा दिसला, धूळ हलली आणि दगडांतून म्होरक्याचं एक बोट वर आलं. वाकलं. सरळ झालं. संपलं.

आबांचा आ वासला तो वासलेलाच. “जित्ता हाय!” ते म्हणाले. “आन् ती निम्मी माणसं मेला समजून घरी गेली की वो! आपल्यालाच ठावं!” या गोष्टीचा त्यांना एवढा अचंबा वाटला, की गाडीत बसेपर्यंत ते तीनदा हसले.

वडवणी मागे पडली. मग ट्रॅक्टरवाल्यांनी घसा साफ केला. “पाच वर्सांचे साठ म्हैने. आपुन सात. एकाला साडेआठ म्हैने पडतेत. सगळ्यांनीच आळीपाळीनं व्हावं.”

मी कळवळून सांगितलं, “अहो, हाच तर त्या पिक्चरचा दोष होता! अकरा जणांची आगमनं आणि गोष्ट शून्य. साडेआठ महिन्यांत खुर्ची गरम होते तोवर माणूस बदलणार!”

“तुमी सरकारी नोकर,” आबा म्हणाले, “राजकारनात पडू नका.”

तेलगावला चहाला थांबलो. टपरीवर दाजी उतरले, हात वर केला, “सगळ्यांना...” म्हणाले आणि मध्येच थांबले. हात हळूहळू खाली आला. सात दिवसांत, बहुधा पंचवीस वर्षांत प्रथमच त्यांनी वळून विचारलं, “काकू, तुमाला काय सांगू?”

“च्या,” काकू म्हणाल्या. “बिनसाखरंचा. आन् चेअरमनपद.”

दाजी बाकड्यावर बसले. समोरचे सहा संचालक गावात वाटच पाहत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. काकू त्यांच्याकडे गेल्या की सातचे सहा आणि सहाचे सात. टपरीच्या बाकड्यावरच पाळ्या ठरल्या. पहिली काकूंची. दुसरी आबांची, वयाचा मान म्हणून. मग ट्रॅक्टरवाले, मग मान हलवणारे तिघं. दाजी सर्वांत शेवटी. कारण कार्य ज्याचं, त्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं असतं, असं आबांनी सांगितलं, आणि आमच्या भागात या नियमाला उत्तर नाही.

दाजींनी टपरीमागे जाऊन तरीही पांढरा शर्ट घातला. इस्त्रीच्या रेघा कडक होत्या. मी म्हटलं, “दाजी, राहू द्या की.” ते म्हणाले, “मापाचा शिवलाय. पुढं पोट सुटलं तर?” मला हसू आलं आणि लगेच ते गिळावंसं वाटलं.

सोसायटीच्या कार्यालयात खताच्या पोत्यांचा उग्र वास. तालुक्याहून आलेले निवडणूक अधिकारी घाम पुसत बसलेले. भिंतीलगत पंचवीस-तीस गावकरी, दारात अक्का. तिला अजून काही माहीत नव्हतं. तिच्या हातात ओवाळायचं ताट होतं. काकूंच्या अर्जावर सूचक म्हणून दाजींनी सही केली. अधिकाऱ्यांनी हात वर करायला सांगितलं. सहा हात पटकन गेले. सातवा, पांढऱ्या बाहीचा, जरा उशिरा गेला, पण गेला. पार वरपर्यंत गेला.

“सात विरुद्ध सहा,” अधिकारी म्हणाले आणि काकूंचं नाव चेअरमन म्हणून वाचलं.

गुलाल उडाला. पहिली मूठ दाजींच्या शर्टावर आली. अक्कानं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं, मग मुकाट पुढे होऊन काकूंना ओवाळलं. लोक ‘चेअरमन, चेअरमन’ म्हणत काकूंच्या खुर्चीभोवती जमले. अधिकारी इतिवृत्त वाचून दाखवू लागले, कोण सूचक, कोण अनुमोदक, कोण हजर, नावामागून नाव. दाजी कोणाकडेही न बघता खुर्चीवरून उठले आणि दाराकडे निघाले. त्यांचा खालचा ओठ मी पाहिला होता, म्हणून मीही उठलो. पण माझ्याआधी आबांचा हात पुढे आला. त्यांनी त्या पांढऱ्या शर्टाचं टोक गच्च धरलं, दाजींना मागे ओढलं आणि अधिकाऱ्यांचं वाचन, गुलाल, टाळ्या सगळ्यांवर कडी करत ओरडले:

“ओ चेअरमन, बसा की खाली! पाट्या चालल्यात अजून, आन् म्होरक्या पाट्या सरल्यावरच जित्ता होतो!”